वासोटा एका दिवसात करायचा तर

वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. मुक्कामाला परवानगी नाही आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांनी जंगलाबाहेर यायचं असतं. म्हणून पायथ्याला नेणारी होडी सकाळी किती वाजता सुटते, यावर अख्खा दिवस ठरतो. दहाला होडीत बसलात तर किल्ल्यावर जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि एवढ्या वाटचालीनंतर तो फार कमी आहे.

साताऱ्याहून पहाटे साडेपाचला निघून कास पठारावरून बामणोलीला यायचं. वळणांचा घाट असल्याने दीड तास धरा. सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. वनखात्याचा परवाना आणि बोट क्लबची होडी दोन्ही इथेच ठरतात. भाडं माणशी नसतं, अख्ख्या होडीचं असतं. त्यामुळे दोघं-तिघंच असाल तर दुसऱ्या गटाबरोबर होडी वाटून घ्या, पण परतायची वेळ दोन्ही गटांनी आधीच ठरवा. संध्याकाळी काठावर होतात ती भांडणं याच कारणाने. जेवणाची ऑर्डर सकाळीच देऊन ठेवा.

शिवसागर जलाशयातून पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत साधारण दीड तास लागतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की होडी अलीकडेच थांबते आणि चिखलातून वाढीव चाल पडते. चौकीवर प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे मोजून अनामत घेतात, परतताना पुन्हा मोजतात. खाऊ डब्यात आणि पाणी स्टीलच्या बाटलीत नेलं की हा वेळ वाचतो. माणशी 3 लिटर पाणी हवंच. पायथ्याच्या ओढ्यावर भिस्त ठेवू नका, उन्हाळ्यात तो आटतो.

वाटाड्या बामणोलीतूनच घ्या. वाट मळलेली आहे, चुकण्याची भीती कमी. वाटाड्या हवा तो जंगल वाचायला. इथे गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या आहेत, पण दिवसा बोलत जाणाऱ्या गटाला त्यांची चाहूलही लागत नाही. दिसतात त्या खुणा: वाटेवरचं गव्याचं शेण, चिखलातले सांबराचे खूर, अस्वलाची विष्ठा. शेकरू मात्र दिसू शकतं. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा गोल गोळा दिसला की ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, म्हणून घरट्याखाली ताटकळू नका. त्याच्या खरखरीत ओरडण्याकडे कान द्या. भल्या सकाळी ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर या पक्ष्याची शीळ ऐकू येते. गवा समोर आला तर थांबायचं, त्याला वाट मोकळी ठेवायची आणि फोटोसाठी एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर, आरडाओरडा नको.

चढ दोन तासांचा. बहुतेक वाट दाट सावलीतली, शेवटचा टप्पा उघडा आणि खरा दमवणारा. मध्ये नागेश्वराचा, म्हणजे गुहेतल्या शिवमंदिराचा, फाटा लागतो. एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. डोंगरधारेवरून नागेश्वरापर्यंतच अडीच-तीन तास जातात, आणि दमलेल्या पायांनी उतरताना घोटे मुरगळतात.

दोन पडके दरवाजे ओलांडले की बिनछपराचं मारुतीचं देऊळ. इथून समोरची वाट वाड्याच्या अवशेषांकडे जाते, उजवीकडची महादेवाच्या मंदिराकडे आणि पुढे काळकाईचं ठाणं म्हणतात त्या माचीकडे, डावीकडची पाण्याच्या जोडटाक्यांवरून बाबूकड्याकडे. वेळ कमी असेल तर आधी बाबूकडा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा कडा थेट कोकणात तुटतो. काठाची माती भुसभुशीत आहे, वाऱ्याला तोंड देऊन कडेला उभं राहू नका.

समोर दिसतो तो उंच डोंगर म्हणजे जुना वासोटा, आपण उभे असतो तो नवा. तिथे धड वाट नाही, पाणी नाही, दाट रान आहे. जायचा हट्ट करू नका. पण त्याच्याकडे बघितल्याशिवाय या किल्ल्याचा शेवट समजत नाही. 1818 साली इंग्रजांनी तोफा त्या उंच डोंगरावर चढवल्या आणि तिथून नव्या वासोट्यावर मारा केला. किल्ल्यावर तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब होतं, शिवाय हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. तिन्ही बाजूंनी रान आणि कडे असलेला हा किल्ला शेजारच्या उंचवट्यामुळेच पडला. कड्यावर उभं राहून मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं की हे लगेच पटतं.

दुपारी दोनच्या आत उतरायला लागा, मग कितीही बघायचं राहिलेलं असो. उतार दीड तासाचा. वाळलेल्या पानांवर पाय सरकतात, म्हणून खोल नक्षीच्या तळव्याचे बूट आणि हातात काठी हवी. चारला होडीत बसलात तर उजेडात बामणोलीला पोचता.

पावसाळ्यात किल्ला बंद असतो, साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतो. लगेच गेलात तर ओलसर पाचोळ्यात जळवा असतात. मीठ आणि लांब मोजे न्या. नोव्हेंबर ते जानेवारी हा सगळ्यात चांगला काळ, तोही शनिवार-रविवार सोडून.