सकाळी दहा ते दोनची पाळी

"अगं, ही आपली शेजारीणच ना? मग ही मागतेय काय?"

सासूबाईंनी भर गर्दीत माझा दंड धरून विचारलं आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. त्या सांगलीहून दोन महिन्यांसाठी आल्यात. नॅशव्हिल म्हणजे अमेरिकेतलं गाण्याचं शहर, इथे येऊन गाणं न ऐकता परत जायला नको, म्हणून मंगळवारी सकाळी त्यांना लोअर ब्रॉडवेला नेलं होतं. या रस्त्यावर सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत बारमध्ये बँड वाजत असतात, आत जायला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. आमची शेजारीण तिथे गाते हे मला ठाऊक होतं. पण गाणं संपल्यावर गिटार पाठीवर सरकवून ती लाल प्लास्टिकची बादली घेऊन टेबलाटेबलावर फिरते, हे ठाऊक नव्हतं.

आमच्या टेबलाशी आली, सासूबाईंकडे बघून छान हसली आणि बादली पुढे धरली. ओळखीचे म्हणून आम्हाला वगळलं नाही. मी गडबडीत पाच डॉलर टाकले आणि घरी येईपर्यंत ते कमी पडले का, याचाच विचार करत राहिले.

ती बादली काही डोक्यातून जाईना. संध्याकाळी तिच्याकडे गेले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची आठ वर्षांची मुलगी नोटा लावत बसली होती. एकाच्या वेगळ्या, पाचाच्या वेगळ्या, चुरगळलेल्या तळहातानं सपाट करून. शेजारणीनं मला सगळं समजावलं, दुधाचा हिशेब सांगावा तितक्या सहज. बारकडून मिळतात ते पैसे थोडेच. खरी कमाई बादलीतली आणि स्टेजला चिकटवलेल्या क्यूआर कोडवर येते ती. चार तासांची पाळी संपली की सगळ्या वादकांत वाटणी होते. रात्रीच्या पाळीला बादली जास्त भरते, पण तिनं ती सोडून सकाळी दहा ते दोनची घेतली, कारण पावणेतीनला मुलीची शाळा सुटते. धाकट्याला वाटेत आजीकडून उचलायचं आणि शाळेसमोरच्या गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं. तिची गाणी त्या रांगेत तयार होतात. मागच्या सीटवर मुलगा झोपलेला असतो म्हणून ती फोनवर चाल अगदी दबक्या आवाजात भरून ठेवते. मला ऐकवलेल्या एका चालीत मध्येच त्याचं खोकणं आहे, मग तिचं "श्श", मग पुढची ओळ.

सासूबाईंना रात्री मी म्हटलं, आई, ती मागत नव्हती, ते तिचं कामच आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या जत्रेत तमाशाला दौलतजादा करायचे, तसंच म्हण की. पण आम्हा बायकांना कुठे जाऊ द्यायचे बघायला!"

तेव्हापासून मला तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर आणि इथली कंट्री गायिका लोरेटा लिन या दोघी एकत्रच आठवतायत. विठाबाईंचा जन्म 1935 चा, लोरेटाचा 1932 चा. लोरेटा केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी. पंधराव्या वर्षी लग्न, 1960 मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा पदरात चार मुलं, 1964 मध्ये जुळ्या मुली. 1972 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मान मिळवणारी ती पहिली बाई. संसार, नवरा, बाळंतपणं हेच तिच्या गाण्यांचे विषय. आणि विठाबाई? फड चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अशी बाई इथल्या कुणाकडे आहे, असं मला अभिमानानं म्हणावंसं वाटतं. पण लोरेटा नॅशव्हिलच्या पश्चिमेला हरिकेन मिल्समध्ये स्वतःच्या मालकीच्या रँचवर वारली आणि विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. राज्य सरकारचा पुरस्कार त्यांच्या नावानं सुरू झाला तो त्या गेल्यानंतर.

तरी या देशाचं सगळंच गोड वाटतंय असं समजू नका. इथे देशभर लागू असलेली पगारी बाळंतपणाची रजा नाहीच, आणि बारमध्ये गाणारीला रजा कुठली? शेजारीण दुसऱ्या खेपेला सहाव्या आठवड्यात स्टेजवर उभी होती. आपल्याकडे 2017 पासून 26 आठवडे आहेत, हे मी तिला ठासून सांगितलं. पण ते नोकरदार बाईला. फडावरच्या बाईला नाहीत, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

मी स्वतः विशारद आहे. मिरजेचा तानपुरा विमानातून जिवापाड जपून आणला, तो हॉलच्या कोपऱ्यात गवसणीत उभा आहे. लोक म्हणतात, सोडलंस का? माझ्याजागी येऊन बघा. नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या एच-4 व्हिसावर कमाई करायची परवानगीच नव्हती, म्हणजे बादली धरायची म्हटली तरी मला ती धरता आली नसती. 2015 च्या नियमानंतर कामाचं परमिट मिळालं तोवर मुलगा तीन वर्षांचा होता आणि मला अकाउंट्सची नोकरी मिळाली. शेजारणीची आई वीस मिनिटांवर राहते, माझी सांगलीत. यात माझी चूक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

पण एक चूक माझ्या हातून वर्षानुवर्षं होत आलीय. इथल्या आमच्या मंडळाचे हिशेब मी बघते. गणपतीला मखर, केटरिंग, साउंड सिस्टिम, सगळ्यांचे पैसे वेळेवर जातात. गाणाऱ्या बाईला मात्र शाल, नारळ आणि "आपलीच आहे ती." गेल्या वर्षी जी गायली तिचं बाळ पाच महिन्यांचं होतं. रियाझासाठी म्हणून तिनं ताशी अठरा डॉलर देऊन बाळाला सांभाळायला बाई ठेवली होती, असं तिच्या नवऱ्याकडून नंतर कळलं. आम्ही तिला गजरा दिला होता.

यंदाच्या बजेटमध्ये मी "गायिका - मानधन" अशी ओळ घातली आणि तिच्याखाली दुसरी, "बाळ सांभाळणारी, सहा तास." एका ज्येष्ठ सभासदांचा लगेच फोन आला, की दुसरी ओळ तरी काढ, लोक काय म्हणतील. काढलेली नाही. रविवारी मीटिंग आहे.