कागदावर मी एकदम फिट होती

गावात मले सगळे फौजीबाई म्हणतात. खरं पाहिलं तर मी फौजेत नव्हती, केंद्राच्या एका निमलष्करी दलात होती (कोणतं ते राहू द्या). १९९८ ला भरती झाली तेव्हा फौज पोरींना जवान म्हणून घेतच नव्हती, मिलिटरी पोलिसातली पोरींची पहिली बॅच निघाली ती २०२१ ला, तोपर्यंत मी २१ वर्षं नोकरी करून २०१९ ला व्हीआरएस घेऊन घरी येऊन कपाशी वेचून राहिली होती. पण गावासाठी खांद्यावर रायफल म्हणजे फौज. आपला पण गैरसमज तोच होता, तो दूर झाला दवाखान्याचं काम पडलं तेव्हा.

झालं असं की मागच्या वर्षी पावसाळ्यात वावरात पाय घसरला, साधंच पडली, आणि मनगट मोडलं. ४६ व्या वर्षी एवढ्याशा पडण्याने हाड कसं मोडते? आर्वीच्या डॉक्टरने प्लास्टर केलं आणि विचारलं, पाळी कधी गेली? म्हटलं, पिशवीच काढली ना, ३८ व्या वर्षी. सुट्टीवर आली होती, अंगावरून खूप जात होतं, इकडे बायांची पिशवी काढणं म्हणजे दात काढल्यासारखं आहे, कोणी दोनदा विचार करत नाही. पिशवीसोबत ओव्हरी पण काढल्या होत्या हे मले त्या दिवशी जुन्या कागदावरून कळलं. डॉक्टर म्हणाले मग हाडं ठिसूळ होणारच, एकदम पाळी बंद झाली की हाडांची झीज जोरात सुरू होते, नागपूरला जाऊन डेक्सा स्कॅन करा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजायची तपासणी.

आता खर्चाचा प्रश्न. माझ्या मिस्टरांचे मित्र रिटायर सुभेदार आहेत, त्यांच्याजवळ ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या सरकारी योजनेचं) कार्ड आहे, ते म्हणाले तू पण काढ. गेली मी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात. तिथल्या बाबूने पाणी दिलं, चांगला बोलला, पण म्हणाला, ताई, हे आर्मी, नेव्ही, एअरफोर्सवाल्यांचं आहे, तुमचं खातं गृह मंत्रालयाचं, तुम्हाले सीजीएचएस, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांची दवाखान्याची योजना. २०१२ ला सरकारने आम्हाला माजी सीएपीएफ (केंद्रीय सशस्त्र पोलीस दल) कर्मचारी असं नाव दिलं, त्या नावानं ईसीएचएस मात्र मिळत नाही.

मग सीजीएचएसचं शोधलं. गंमत अशी की मले पेन्शनसोबत महिन्याला १००० रुपये मेडिकल अलाउन्स येऊन राहिला होता आणि तो कायचा आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. जिथं सीजीएचएसचं सेंटर नाही तिथल्या पेन्शनरला तो ओपीडीच्या खर्चासाठी देतात. आता दोन रस्ते. अलाउन्स चालू ठेवायचा आणि कार्ड फक्त ॲडमिट होण्यापुरतं घ्यायचं, नाहीतर अलाउन्स सोडून ओपीडी आणि औषधासकट पूर्ण कार्ड घ्यायचं. वर्गणी दोन्हीकडे भरावीच लागते. माझ्या लेव्हलले महिन्याचे २५० रुपये, आणि १० वर्षांचे एकदम ३०,००० भरले तर कार्ड जन्मभराचं. मिस्टर म्हणाले, "हजार रुपये महिना कायले सोडतं, नागपूरले कोण जाते रोज?" बरोबरच होतं त्यांचं. पण मले पुढे तपासण्याच तपासण्या दिसत होत्या आणि एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, म्हणून मी पूर्ण कार्ड घेतलं. ज्याचं बीपी-शुगर तालुक्यातच सांभाळल्या जाते त्याने अलाउन्स सोडू नये असं माझं मत.

कागद लागले ते पीपीओ (पेन्शनचा आदेश), लास्ट पे सर्टिफिकेट, आधार, दोघांचे फोटो, भारतकोश या सरकारी वेबसाइटवर पैसे भरल्याची पावती, आणि अलाउन्स बंद केल्याचं बँकेचं पत्र. या शेवटच्या कागदाने जीव खाल्ला. ब्रँचवाला म्हणे हे आमच्याकडून होत नाही, पेन्शन सेंटरकडून होते, आणि तिकडचा फोन कोणी उचलत नव्हतं. दीड महिना त्यात गेला. माझ्यासारखं उलटं करू नका, आधी बँकेत अर्ज टाका, त्याची पोच घ्या, मग बाकीचं पाहा.

कार्ड आलं, नागपूरच्या वेलनेस सेंटरमधून (सीजीएचएसचा दवाखाना) रेफर झालं, डेक्सात टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या मजबुतीचा आकडा, निघाला उणे २.७. उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ व्हायचा आजार. वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. इथपर्यंत सरळ होतं. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, नोकरीत काय काय त्रास होता? मी सांगत गेली. गुडघे, कंबर. आमच्या वेळी बुलेटप्रूफ जॅकेट माणसांच्या मापाचं यायचं, छातीवर दाबायचं आणि सगळा भार कमरेवर, त्यात दहा दहा तास उभं. फायरिंगनंतर कान वाजायचे ते आता डाव्या कानात कायमच वाजतात. आणि लघवी. इलेक्शन ड्युटी असो का नाका, बायांसाठी जागाच नसायची, मग आम्ही सकाळपासून पाणीच नाही प्यायचो. उन्हाळ्यात सुद्धा. इन्फेक्शन व्हायचं, गोळ्या खायच्या, पुन्हा ड्युटी. आता खोकलं तरी कपडे ओले होतात, हे मी मिस्टरांना पण सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे तुमच्या मेडिकल कागदात असंल ना? मी फाईल दिली. २१ वर्षांचे सालाना मेडिकल, सगळीकडे शेप-वन, म्हणजे पूर्ण फिटचा शेरा. त्या पानं उलटत राहिल्या आणि म्हणाल्या, कागदावर तर तुम्ही एकदम फिट आहात.

मी काय सांगू? शेप-वन नसली तर प्रमोशन अडकते हे पोट्ट्या पहिल्या वर्षी शिकतात. आणि त्यातून बाई. गुडघा दुखते म्हटलं की लगेच "म्हणूनच बायांना घेऊ नये" सुरू. म्हणून पेनकिलर खाऊन मेडिकलला उभी राहायची, पाळी असली तरी पळायची, आणि डॉक्टरने विचारलं की "नो प्रॉब्लेम सर". आज तो कान नोकरीत गेला असं म्हणायला माझ्याकडे एक ओळ नाही. ऑडिओमेट्री (ऐकू येण्याची तपासणी) केली, ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे बारीक आवाजाच्या भागात, आलेख खाली पडलेला, आवाजाने गेलेल्या कानाची खूण तीच. पण कोणत्या आवाजाने, ते मशीन सांगत नाही. दिवाळीचे फटाके पण असू शकतात म्हणा.

झोपेचं पण विचारलं त्यांनी. रात्री दोनदा उठून कडी पाहते, एवढंच सांगितलं. त्यांनी १४४१६ लिहून दिला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, मराठीतून बोलतात. अजून लावला नाही.

लघवीसाठी खालचे स्नायू आवळायचे व्यायाम दिले, तीन महिने तरी करायचे, आणि पाणी तोडायचं नाही, थोडं थोडं दिवसभर प्यायचं. येताना बाटली भरून घेतली पण बाजारगाव गेलं, कोंढाळी आली तरी झाकण उघडलं नव्हतं. सवय. कोंढाळीला बस थांबली तेव्हा अर्धी प्यायली. तळेगावपर्यंत दम निघाला नाही, कंडक्टरला म्हटलं दादा थांबवा, तो म्हणाला, "मावशी, स्टँडवरच जाऊन यायचं ना."