धडगावचा आमचूर आणि मरीन लाइन्सचं कॉलेज

तोरणमाळला मे महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. यशवंत तलावाच्या काठावर गाड्यांमधली गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली होती की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येत नव्हतं, आणि सीताखाईच्या कड्यावर वेफर्सच्या पाकिटांचा खच. सातपुड्याचं फार वाईट वाटलं. नंदुरबार, मिरचीच्या पथाऱ्या, प्रकाशाचा संगम हेही पाहून झालं. पण हे लिहायला बसले ते धडगावच्या एका पाड्यासाठी, आणि त्या पाड्यावर बसून मला मुंबईतलं निर्मला निकेतन हे समाजकार्याचं जे कॉलेज कळलं त्यासाठी.

शहाद्याला मैत्रिणीच्या आत्यांकडे उतरले होते. आत्या सत्तरीच्या. खानदेशातलं आदरातिथ्य म्हणजे पाहुण्याला ‘नको’ म्हणायची सोयच नाही. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याचं तेल, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात हे सगळं दुपारी बारा वाजता. मला जड झालं, पण वाढणाऱ्या हाताला कुठल्या तोंडानं थांबवायचं? दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यांना धडगावकडे जायचं होतं. मी म्हटलं, येऊ का? त्या म्हणाल्या, ये, पण तिथं गेल्यावर मधे बोलायचं नाही.

तळोद्यावरून चांदसैली घाट चढणाऱ्या जीपमध्ये पुढच्या सीटवरचे एक काका आत्यांना ओळखत होते. मी पाहुणी म्हणून त्यांनी माझी चौकशी केली, मग आत्यांकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्ही मुंबईले दोन वरीस गयात म्हने. समाजसेवा शिकाले कॉलेज कसाले लागस?” आत्या फक्त हसल्या आणि त्यांच्या पपईच्या बागेची विचारपूस करू लागल्या. मला मात्र राग आला. नर्सिंगला तीन-तीन वर्षं शिकावं लागतं, हे सगळ्यांना पटतं. माणसाच्या संसारात, कर्जात, आजारपणात हात घालायला मात्र चांगलं मन असलं की पुरे, असं आपण धरून चालतो. चांगल्या मनाच्या माणसांनी केवढं नुकसान केलंय, हे आपण मोजतच नाही.

पाड्यावर पोचलो तेव्हा घराघरापुढे कैऱ्यांचे ढीग होते. अक्राणीत, म्हणजे या धडगावच्या तालुक्यात, एप्रिल-मे म्हणजे आमचूरचे दिवस. कैऱ्या सोलायच्या, काप करायचे, खडकावर, छपरावर, जुन्या साडीवर पसरायचे. उन्हात नीट वाळले तर पांढरे राहतात आणि भाव येतो. वळवाचा एक शिडकावा झाला की काळे पडतात, मग व्यापारी म्हणेल तो दर. पावसाळ्यातलं बियाणं, उधारी, कपडा यांतलं बरंचसं या पैशावर चालतं.

आत्या ज्या घरी गेल्या तिथं वर्ष-सव्वा वर्षाचं एक मूल होतं. ते कुपोषित आहे हे कळायला दंडाचा घेर मोजायची गरज नव्हती, नुसतं दिसत होतं. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोषणासाठी दाखल करायचं होतं, साधारण चौदा दिवस. आईला तिथं सोबत राहावं लागतं, तिची बुडीत मजुरीही मिळते. आमच्या आधी एक तरुण कार्यकर्ता तिथं येऊन बसला होता. पोरगा मनाचा चांगला, उन्हात लांबून चालत आलेला. त्यानं तिला दोनदा समजावलं होतं आणि आता तिसऱ्यांदा समजावताना त्याचा आवाज चढला होता: मूल मेलं तर? बाई खाली बघून कैऱ्या सोलत होती. तिचा हात थांबत नव्हता.

आत्यांनी पदर खोचला, सुरी मागितली आणि तिच्या शेजारी बसून कैऱ्या सोलायला घेतल्या. मूल, दवाखाना यांतला एकही शब्द नाही. कैऱ्या कुठल्या झाडाच्या, यंदा मोहोर किती गळाला, सासू कुठे गेली, एवढंच, तेही पावरीत, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत, अधूनमधून. मला ते बसणं असह्य झालं होतं. घसा कोरडा, माश्या, डोळ्यांसमोर ते मूल. तासभर तरी गेला असेल. मग बाईच बोलायला लागली. आत्यांनी नंतर मला सांगितलं ते असं: नवरा गुजरातेत मजुरीला गेलेला. सासूची नजर गेलेली. ती चौदा दिवस दवाखान्यात बसली तर कैऱ्या झाडाखालीच सडणार, आणि त्यांवर एकाकडून आधीच पैसे उचललेले. दवाखान्याची तिला भीती नव्हतीच. ‘बुडीत मजुरी’ तिला माहीत होती, पण ती मिळेपर्यंत उचल देणारा थांबणार नव्हता.

तो कार्यकर्ता गप्प झाला. आत्या त्याला रागावल्या नाहीत. शेजारच्या दोन घरांतल्या बायांना बोलावून काप कोण वाळवेल, उचल कोणाची किती, एवढं बोलणं सुरू झालं आणि आम्ही तिथून उन्हं कलल्यावरच उठलो.

रात्री धडगावात आत्या वहीत लिहीत बसल्या. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, कुठे गप्प राहिले, मला त्या वेळी काय वाटलं. मी विचारलं तर म्हणाल्या, हे रेकॉर्डिंग. कॉलेजात फील्डवर्कच्या प्रत्येक दिवसाचं लिहून द्यावं लागे, सुपरवायझर समोर बसवून एकेक ओळ विचारत: इथं तू का बोललीस? तुला शांतता सहन झाली नाही म्हणून, की तिला गरज होती म्हणून? तो प्रश्न मला थेट लागला.

ते कॉलेज म्हणजे मुंबईच्या न्यू मरीन लाइन्सवरचं निर्मला निकेतन. डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या कॅथलिक संघाच्या सिस्टरांनी १९५५ साली ते सुरू केलं. आत्या सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथं गेल्या. घर शेतकऱ्याचं, वडील माळकरी. मुलगी नन्सच्या कॉलेजात जाणार म्हणजे धर्म बुडणार, असं गावानं त्यांच्या डोक्यात भरवलेलं. ते स्वतः प्रवेशासाठी मुंबईला गेले. दारात साध्या सुती साडीतल्या बाईंना त्यांनी विचारलं, सिस्टर कुठे भेटतील? त्या बाई म्हणाल्या, मीच, या बसा. ना पायघोळ झगा, ना डोक्यावर ओढणी. वडिलांचा निम्मा विरोध तिथंच गळाला, असं आत्या सांगतात.

त्या साडीमागे फ्रान्सचा इतिहास आहे, आणि धडगावात कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली तो ऐकताना माझी झोप उडाली. फेब्रुवारी १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या संसदेनं व्रतस्थ संघांवर बंदी आणली. पिएर-जोसेफ द क्लोरिविएर हे जेझुइट धर्मगुरू तर त्याआधीच बेघर झाले होते, कारण पोपनी १७७३ मध्ये जेझुइट संघच बरखास्त केला होता. त्यांनी आणि ब्रिटनीतल्या मारी-आदेलाईद द सिसे यांनी एक वेगळीच वाट काढली: मठ नको, गणवेश नको, बाहेरून कुठलीच खूण नको. व्रत घ्यायचं आणि लोकांत लोकांसारखं राहायचं. २ फेब्रुवारी १७९१ रोजी पहिल्या सभासदांनी समर्पण केलं. पुढे नेपोलियनवर बॉम्बहल्ला झाला, त्यातल्या एका संशयिताला आसरा मिळवून दिला म्हणून १८०१ मध्ये सिसेबाईंवर खटला चालला. त्यांनी ज्या गरिबांची सेवा केली होती तेच त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला आले आणि त्या निर्दोष सुटल्या. संकटात सुचलेली ही रीत संघानं नंतरही सोडली नाही.

मुंबईत समाजकार्याचं शिक्षण त्याआधी सुरू झालेलं होतं. नागपाड्यात काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानं १९३६ मध्ये टाटांची संस्था उभी राहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या या खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं आणि साने गुरुजी त्यासाठी गावोगाव राबले. सेवेची ती एक तालीम, ही दुसरी. मला दोन्ही हव्याशा वाटतात. गुरुजींची माया आणि सुपरवायझरचा तो टोचणारा प्रश्न, यांपैकी एकच असलं की काम लंगडं पडतं.

निर्मला निकेतनमधल्या शिकवणुकीचा रोखही बदलत गेला. केसवर्क (एकेका माणसासोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं) तर होतंच, पण १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या बैठकीनंतर, कॅथलिक जगात न्यायाची भाषा मोठी झाली, आणि आत्यांच्या वर्गात ‘गरजूला मदत’ यापेक्षा ‘तो गरजू का राहिला’ यावर जास्त भांडणं होत. प्राचार्य राहिलेल्या सिस्टर हेझल डिलिमा यांचा महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या बायकांवरचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे पंचायतीत महिला आरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी. झोपडपट्टीतल्या तरुणांसोबत १९८४ पासून काम करणारी ‘युवा’ ही संस्थाही याच कॉलेजच्या कामातून निघाली. आणि आत्या शिकून शहाद्यात परतल्या तेव्हा इथं श्रमिक संघटनेनं, म्हणजे आदिवासी शेतमजुरांच्या संघटनेनं, १९७२ पासून जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न ऐरणीवर आणलेला होता, भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडलेली होती. “मला वाटलं होतं मी शिकवायला आलेय,” आत्या म्हणाल्या. “पहिली पाच वर्षं मी नुसती वही भरली.”

जळगाव आणि अमळनेरला आता समाजकार्य महाविद्यालयं आहेत, हे फार चांगलं झालं. खानदेशच्या मुलींना मरीन लाइन्स गाठावं लागत नाही. पण तिथल्या मुलामुलींना अक्राणीत राहून फील्डवर्क करायला मिळायला हवं, आणि त्यांची वही ओळीओळीनं वाचणारं कुणीतरी हवं. शिबिराचे फोटो काढून बस परत गेली तर त्यात कुणाचंच शिक्षण होत नाही. याबद्दल मला खूप आतून वाटतं, म्हणून हात जोडून लिहितेय.

मी परत आल्यावर आत्यांचा फोन आला. ती बाई मुलाला घेऊन दाखल झाली होती. शेजारणींनी तिचे बरेचसे काप वाळवले, एका रात्रीच्या पावसानं थोडे काळे पडले. व्यापाऱ्यानं मात्र सगळ्याच मालाचा भाव काळ्याचा लावला. आत्या आता पाड्यावरच्या बायांना घेऊन आपला तराजू आणि आपली वजनाची वही ठेवण्याच्या मागे लागल्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात मुंबईत थेट आमचूर घेणारं कुणी असेल, तर मला जरूर कळवा.