बोट विकली, गरी राहिली

गोव्यात माशेलला घरी पोचलो त्याच संध्याकाळी दादाने विचारलं, "बोट काय करते रे तुझी?" मी म्हटलं, "विकली." तो काही बोलला नाही. वैनीने मात्र लगेच चहाचा कप पुढे सरकवला, जणू घरात कुणी आजारी असल्याची बातमी सांगितली होती मी.

चूक माझीच. 2019 साली बोट घेतली तेव्हा घरच्या ग्रुपवर फोटो टाकायची घाई मीच केली होती, आणि इकडे सगळ्यांची समजूत झाली की ऑकलंडात आपलं बरं चाललंय. बरंच चाललं होतं म्हणा. पण बोट म्हणजे श्रीमंती, हे गणित तिथे लागू नाही. साध्या पगारदार माणसाच्या दारात ट्रेलरवर बोट उभी असते. आमची तर चार घरांत मिळून घेतलेली, जुनी, साडेपाच मीटरची, मागे नव्वद हॉर्सपॉवरचं इंजिन. एक सांगलीचा, एक सुरतचा, एक फिजीचा आणि मी. शनिवारी पहाटे निघायचं, हौराकी आखातात रांगिटोटो बेटाच्या पलीकडे जायचं, दुपारी परत.

एका फेरीला साधारण पंचेचाळीस लिटर पेट्रोल जायचं. 2020 मध्ये लिटर दोन डॉलरच्या आत होतं तेव्हा कुणी हिशेबही ठेवला नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, मार्चमध्ये पेट्रोल तीन डॉलरच्या वर गेलं आणि नुसत्या इंजिनाचे एकशे पस्तीस डॉलर व्हायला लागले. वर बोट ओढणाऱ्या गाडीचं पेट्रोल, बर्फ, आमिष. माणशी चाळीस डॉलरच्या वर. मासे मिळतीलच याची हमी नाही ती नाहीच.

मला राग येतो तो दरापेक्षा कराचा. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे 70 सेंट रस्त्यांच्या निधीत जातात. गाडीत भरलं तर ठीक. पण तेच पेट्रोल मी बोटीत जाळतो, समुद्रात, जिथे रस्ता नाही, सिग्नल नाही, खड्डा नाही. तरी कर तोच. धंद्याच्या बोटीला परतावा मागता येतो, हौशी माणसाला नाही. त्यावर ऑकलंडकरांना 2018 पासून लिटरमागे साडेअकरा सेंटचा वेगळा शहरी कर होता, तोही वाहतुकीच्या कामांसाठी. तो 30 जून 2024 ला संपला. मधे सरकारने 25 सेंट कमी केले होते, ते जुलै 2023 मध्ये परत चढवले. हे मी तिथे दहा वेळा बोललोय, इथेही पहिल्याच जेवणात बोललो. आपल्याकडे 2012 मध्ये पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि पेट्रोल एका दिवसात 11 रुपयांनी उतरलं, ते आठवतं ना? तिथे कर असा जवळजवळ पूर्ण कुणी काढला नाही.

पेट्रोलने आमच्या शनिवारांचे महिन्यातून दोन केले, मग एक. शेवटचा घाव मंदीने घातला. तिथल्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर मे 2023 ते ऑगस्ट 2024 साडेपाच टक्क्यांवर बसून होता, घराचे हप्ते फुगले, आणि 2024 मध्ये लागोपाठ दोन तिमाह्या अर्थव्यवस्था आकसली. बांधकामं थांबली. सुरतवाला बांधकामातच होता. त्याची नोकरी गेल्यावर त्याच्याकडे पेट्रोलचा वाटा कोण मागणार? आणि त्याला सोडून तिघांनी जायचं कसं? त्याने स्वतःच सांगितलं, विकून टाकू. ज्या दिवशी ट्रेलर गेला त्या दिवशी तो घरातून बाहेर आला नाही.

हे सगळं मी दादाला सांगत होतो आणि तो ऐकत होता. ऐकता ऐकता माझ्याच लक्षात आलं की मंदी म्हणजे काय ते मी कुणाला समजावतोय. दादा खाणींचं खनिज वाहणाऱ्या बार्जवर खलाशी होता. 2012 ला खाणी थांबल्या तेव्हा तो घरी बसला, पुन्हा सुरू झाल्यावर पुन्हा चढला, आणि मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींच्या 88 लीज गेल्या तेव्हा कायमचा उतरला. आता पणजीत एका इमारतीवर रखवालदार आहे. त्या सगळ्या वर्षांत त्याची गरी, म्हणजे गळ टाकून मासे धरणं, एक दिवस चुकली नाही. घरापासून सात मिनिटं चालत, मानशीजवळच्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारांजवळच्या बांधावर, बांबूची काठी, आमिषाला दोन सुंगटं, म्हणजे कोळंब्या. पेट्रोल शून्य.

तरी मी तिथल्या एका गोष्टीची बाजू घेणारच. बोट गेल्यावर मी मुलाला घेऊन मरेज बेच्या धक्क्यावर जातो. आमच्या भागात स्नॅपर तीस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर परत सोडायचा, आणि माणशी दिवसाला सातच. धक्क्यावर बहुतेक अठ्ठावीसचेच लागतात. पहिल्या वर्षी मी चिडायचो. आता माझा दहा वर्षांचा मुलगा पट्टी माझ्याआधी काढतो, हात ओले करून मासा उचलतो आणि पाण्यात सोडतो. कुणी बघत नसतानाही.

परवा तो दादाबरोबर बांधावर गेला. जुलै, ट्रॉलर 31 तारखेपर्यंत बंद, बाजारात जे आहे ते परवडत नाही. दादाला पहिलंच काळुंदर लागलं, वीतभर. मुलाने वीत लावली आणि म्हणाला, "काका, हे लहान आहे, सोडायचं." मी म्हणालो, "अरे, काळुंदर एवढंच असतं." पण मला ते सांगताना अवघडल्यासारखं झालं. कारण त्यानंतर लागलेलं दुसरं खरंच बोटभर होतं, आणि दादा तेही पिशवीत टाकत होता, आणि वैनीचा मसाला घरी वाटून तयार होता.

दादाने मुलाकडे पाहिलं. "तुमच्याकडे सोडतात?"

"हो. नाहीतर फाइन."

"इथे फाइन नाही रे, बाबा."

"तरीपण."

दादाने ते बोटभर काळुंदर त्याच्या ओंजळीत दिलं. मुलाने आधी हात चिखलाच्या पाण्यात बुडवले, मग घेतलं, मग सोडलं. मी दादाला म्हटलं, त्याचं मनावर घेऊ नकोस. दादा म्हणाला, "घेतलं तर काय बिघडलं?" आणि काठी पुन्हा टाकली.

त्या संध्याकाळी ताटात प्रत्येकी एकेक काळुंदर होतं. वैनीने तिचं मुलाच्या ताटात वाढलं, नको नको म्हणत असताना. रात्री दादाने पंचांग काढून उद्याच्या भरतीची वेळ पाहिली आणि मुलाला सांगितलं, साडेपाचला उठायचं, पट्टी घे.