डायोनिससची नाव: वाडगा तिसरा

एका प्राचीन ग्रीक प्याल्यावरच्या चित्राची नक्कल करतोय. पहिला वाडगा वाळतानाच तडकला. दुसऱ्यावर मी हौसेने समुद्र काढला, लाटा, फेस, सगळं. घोळ तिथेच झाला होता.

मूळ काइलिक्स (पसरट, दोन कानांचा मद्याचा प्याला) ग्रीक कुंभार-चित्रकार एक्सेकियासचा, इ.स.पू. 530च्या सुमाराचा, सध्या म्यूनिकच्या संग्रहालयात. नावेत मद्याचा देव डायोनिसस ऐसपैस रेललाय, डोलकाठीवर द्राक्षवेल, भोवती डॉल्फिन. हे डॉल्फिन म्हणजे चाचे. राजपुत्र समजून त्यांनी देवाला पळवलं, बांधायला गेले तर दोऱ्याच गळून पडल्या. पुढे तो सिंह झाला आणि मंडळींनी भीतीने उड्या टाकल्या. त्याला ओळखलं होतं एकट्या सुकाणूवाल्याने. तो वाचला.

एवढं सगळं आहे, पण पाण्याची एक रेघ नाही! आत नुसता लालसर रंग. अहो, प्यायचं भांडं ते. मद्य ओतलं की झाला समुद्र, आणि पिता पिता देव वर येणार. मी मात्र लाटा काढत बसलो होतो.

या वेळी मोजून घेतलं: घड 7, डॉल्फिन 7. नावेच्या अंगावरही चिमुकले पांढरे डॉल्फिन आहेत, ते आधी नजरेतून सुटले होते. मूळ व्यास साधारण 30 सेंमी. मी चाकावर 34चा काढला, भाजून 31 उरला. बैठक आणि कान अजून जमत नाहीत, म्हणून साधा वाडगा.

काळ्यासाठी लोह असलेली मातीच पाण्यात कालवून निवळत ठेवली, आणि वर तरंगत राहिलेली अगदी बारीक तेवढी घेतली. तिने आकृत्या भरल्या. मग सुईने कोरकाम. दाढी पटकन झाली, द्राक्षाच्या पानांनी दोन संध्याकाळी खाल्ल्या.

भट्टी पत्र्याच्या ड्रमची. आधी हवा खेळती ठेवून भाजलं, मग ओला पाला टाकून झाकण बंद. या धुरात सगळंच काळं होतं. नंतर हवा दिली की जाडसर माती पुन्हा लाल व्हायला हवी; बारीक थर तोवर काचेसारखा बंद झालेला असतो, तो काळाच राहतो. माझी नाव छान काळी आली, पण भोवतीचा समुद्र राखाडी. बहुतेक झाकण उशिरा काढलं, तोवर भट्टी निवली होती.

ड्रमवाल्यांनो, तुम्ही झाकण कशावरून काढता? घड्याळ बघून, की आतल्या लालीवरून?