आज जीटीओ सुरू झाली!

डेट्रॉईटजवळच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये चौदा महिने दर शनिवारी राबतोय. गाडी म्हणजे १९६७ची पॉन्टियाक जीटीओ, ४०० क्युबिक इंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरांचं) इंजिन. १९६६पर्यंत तीन कार्ब्युरेटरांची (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या भागांची) जोडणी मिळायची, १९६७मध्ये त्याऐवजी एकच चार-बॅरल, म्हणजे चार हवामार्गांचा, क्वाड्राजेट कार्ब्युरेटर आला. तो मी स्वतः खोलून, साफ करून बसवला.

तरी आज आधी नुसतं बॅकफायर, भलत्या वेळी पेट्रोल पेटून फटाके! ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या दोन वायरी माझ्याकडून अदलाबदल झालेल्या. आजोबांनी फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) पाढ्यासारखी म्हटली: १-८-४-३-६-५-७-२. वायरी बदलल्या, किल्ली फिरवली आणि पायाखालची फरशी थरथरली.

आजोबा (तरुणपणी पॉन्टियाकच्याच कारखान्यात होते) बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते. माझ्या हातांना अजून पेट्रोलचा वास येतोय.