रिचार्ज बंद, टीव्ही चालू

आईचा फोन महिन्याच्या सुरुवातीला यायचा, संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. "अरे, बातम्या लागत नाहीत. पडद्यावर काहीतरी लिहून आलंय." काय लिहून आलंय ते मला पाठ होतं. मग मी असेन तिथून मोबाइलवर पैसे भरायचे, तिने बॉक्स बंद करून चालू करायचा, थांबायचं, पुन्हा बंद-चालू. चित्र येईपर्यंत सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या संपलेल्या असायच्या.

पैशांपेक्षा मला त्या बिलाची रचना खटकायची. 2019 साली ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम लागू झाले तेव्हापासून खासगी डीटीएचचं (घरच्या छत्रीचं) नुसतं कनेक्शन ठेवण्याचे 130 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे दर महिन्याला जायचे. पैसे देऊन बघायची चॅनल त्याच्या वर. आई बघते काय, तर सह्याद्री, एखादा जुना मराठी सिनेमा आणि सकाळचं कीर्तन. म्हणजे जे फुकट आहे तेच बघायला आम्ही महिन्याला दीडशे रुपये मोजत होतो. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ठरवलंच, हे बंद करायचं.

पहिली चूक जुन्या आठवणींच्या भरात झाली. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा जुना अँटेना अजून उभा होता. म्हटलं, हा आहेच की! वायर बदलली, टीव्हीला जोडली, तासभर काड्या फिरवल्या, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. दूरदर्शनने जमिनीवरून होणारं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने गुंडाळलं आणि 2022 पर्यंत मोजकी केंद्रं सोडली तर सगळी बंद झाली, हे मला नंतर वाचून कळलं. मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. त्यानंतर पन्नास वर्षं ज्या काड्यांनी काम केलं त्यांच्यावर आता कावळे बसतात. काढून टाकायचा होता, पण आई कपडे वाळत घालायची दोरी त्यालाच बांधते, म्हणून राहिला.

उरला रस्ता डीडी फ्री डिशचा. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची, उपग्रहावरून थेट छत्रीवर चॅनल देणारी ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने 33 चॅनलवर सुरू झाली. पुढे नाव बदललं, चॅनल वाढली, पण महिन्याचं भाडं तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा की झालं. कार्ड नाही, रिचार्ज नाही, 'ॲक्टिव्हेशन'ही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण दुकानात मला पहिल्याच वाक्याला "लाइफटाइम रिचार्ज मारून देतो" असं ऐकायला मिळालं. जे रिचार्जच नाही ते आयुष्यभराचं कसं मारणार, हे विचारल्यावर तो विषय त्याने स्वतःच सोडला.

बॉक्स घेताना मात्र एक नीट बघायचं. चित्र आवळून पाठवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमपेग-2 आणि नवी एमपेग-4. एमपेग-2 चा जुना बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर सगळी चॅनल दिसत नाहीत. एमपेग-4 चा घेतला तर दोन्ही प्रकारची दिसतात. आधीच्या कंपनीचा बॉक्स यासाठी चालत नाही, तो त्यांच्याच सेवेला कुलूपबंद असतो. तुमचा टीव्ही नवा असेल तर आधी पाठीमागे 'सॅटेलाइट इन' अशी जागा आहे का ते बघा. असेल तर ट्यूनर आतच आहे, बॉक्सचा खर्च वाचला. आमचा टीव्ही जुना, त्यामुळे बॉक्स, नवा एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसतो तो सिग्नल पकडणारा डबा), वीस मीटर आरजी-6 वायर आणि कनेक्टर धरून 1,400 रुपये गेले. छत्री आधीचीच वापरली. पत्र्याची छत्री ही कुठल्या कंपनीची नसते, ती जिकडे तोंड करते त्याची असते.

आणि खरी कसोटी त्या तोंडाचीच होती.

फ्री डिश ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर उभा आहे. आपल्या महाराष्ट्रातून बघितलं तर तो आग्नेयेला येतो. आमच्या गावातून होकायंत्राचे साधारण 132 अंश, आणि आकाशात जवळपास 60 अंश उंच. शेजारचे काका शिडी धरायला आले होते. ते म्हणाले, "आग्नेय म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा, वास्तुशास्त्राप्रमाणे बरोबर आहे." वास्तुशास्त्र पाळणारा हा एकमेव उपग्रह असावा.

मोबाइलमधलं होकायंत्र छत्रीच्या लोखंडी खांबाला टेकवून बघितलं तर काटा भलतीकडेच. स्लॅबमधल्या सळ्या आणि खांब त्याला ओढतात. चार पावलं लांब उभं राहून, हात पुढे करून दिशा घेतली आणि समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीची खूण धरली. दिशेचं इथवर ठीक झालं.

उंचीत मी फसलो. 60 अंश म्हणजे छत्री चांगलीच आभाळाकडे वळवायची असं धरून मी ती जवळजवळ पाणी साठेल इतकी उताणी केली. दुपारचे दोन तास त्यात गेले. घरोघरी दिसते ती छत्री 'ऑफसेट' प्रकारची असते. एलएनबी तिच्या मध्यासमोर नसतो, खालच्या बाजूला असतो, आणि त्यामुळे छत्रीचा पत्रा दिसतो त्यापेक्षा साधारण 25 अंश वरचं आकाश ती बघते. म्हणजे 60 अंशांवरचा उपग्रह पकडायला पत्रा 35 अंशांइतकाच वर बघायला हवा. छत्रीच्या मागच्या पट्टीवर कोनाचे आकडे कोरलेले असतात, त्यांत हा फरक धरलेला असतो, पण आमच्या छत्रीचे आकडे गंजून गेले होते. शेवटी दोऱ्याला जुना नट बांधून ओळंबा केला, पत्र्याच्या वरच्या काठापासून सोडला आणि शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजला.

खाली-वर करून किती वेळा विचारणार, म्हणून टीव्हीच गच्चीवर नेला. उन्हात पडदा दिसेना. मग मी आणि काका चादर डोक्यावरून घेऊन तिच्या आत टीव्हीसमोर बसलो, आणि एक हात बाहेर काढून छत्री सरकवायची. खालून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, सिग्नल स्ट्रेंथ आणि सिग्नल क्वालिटी. स्ट्रेंथ 80 टक्के बघून मी नाचायच्या बेतात होतो. पण स्ट्रेंथ एलएनबी जोडल्या जोडल्या येते, छत्री भिंतीकडे असली तरी. उपग्रह सापडला की नाही हे क्वालिटी सांगते, आणि ती शून्यावर होती. मेनूत एलएनबीची फ्रिक्वेन्सी 9750/10600, म्हणजे युनिव्हर्सल, निवडलेली आहे ना ते आधी बघून घेतलं. मग नट सैल ठेवून छत्री बोटभर सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचं, पुन्हा बोटभर. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो; सलग फिरवत राहिलात तर उपग्रहावरून पुढे निघून जाल आणि कळणारही नाही.

साडेचारला क्वालिटी एकदम 40 वर उडाली. काका ओरडले. स्कॅन केलं, भराभर नावं आली, आणि जवळपास प्रत्येक नावापुढे डॉलरचं चिन्ह. म्हणजे सगळी कुलूपबंद. फ्री डिशपासून अवघ्या दीड अंशावर, 95 अंशांवर, एका खासगी सेवेचा उपग्रह आहे, आम्ही त्यालाच जाऊन चिकटलो होतो. दीड अंश म्हणजे आमच्या छत्रीच्या काठावर जेमतेम करंगळीच्या नखाएवढं अंतर. तेवढं पश्चिमेकडे सरकवलं आणि पुन्हा स्कॅन केलं. पहिल्यांदा डीडी नॅशनल आलं, मग डीडी न्यूज, आणि तिसऱ्या पानावर सह्याद्री. क्वालिटी 48 होती. एलएनबी त्याच्या पकडीत थोडा पिळला तर 61 झाली. नट आवळताना ती पुन्हा 50 वर येते, कारण आवळताना छत्री हलते. दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले तेव्हा ती जागेवर राहिली.

वायरीचं एक सांगायचं राहिलं. खाली खोलीत बॉक्स जोडल्यावर पडद्यावर 'एलएनबी शॉर्ट' आलं. कनेक्टर काढून बघितला तर बाहेरच्या जाळीचा केसासारखा एकच धागा मधल्या तांब्याच्या तारेला टेकला होता. जाळी पूर्ण मागे दुमडून कनेक्टर पुन्हा बसवला. खिडकीतून आत येण्याआधी वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत बॉक्सपर्यंत न येता तिथेच ठिबकतं.

सात वाजता आईने बातम्या बघितल्या. काही बोलली नाही, फक्त निवेदिका नवीन आहे म्हणाली.

त्यानंतरच्या वर्षात जे झालं तेही लिहायला हवं, कारण छत्री बसली म्हणजे सुटलो असं नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चित्राचे चौकोन झाले आणि पंधरा मिनिटं गायब. या छत्र्यांवर येणारे केयू बँडचे सिग्नल दाट पावसात अडतात. पैसे भरून घेतलेल्या छत्रीचंही तेच होतं. क्रिकेटच्या बाबतीत मात्र इथे उलट फायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून ठरवलेले सामने 2007 च्या कायद्याप्रमाणे प्रसार भारतीला द्यावे लागतात, आणि 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते सामने दूरदर्शनच्या चॅनलवरून खासगी केबल-डीटीएचला दाखवता येत नाहीत, दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर मात्र दिसतात. भाऊजी म्हणूनच हल्ली सामन्याच्या दिवशी आमच्याकडे जेवायला असतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन. "रोज अकराच्या सुमाराला टीव्ही दहा मिनिटं जातो. काल गेला, परवा गेला, आज पण गेला. आकाशात ढग नाही." मी आधी कनेक्टरवर संशय घेतला. मग उलगडा झाला: त्या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, छत्रीच्या नजरेत सरळ शिरतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. मार्चच्या मध्यावर पुन्हा असंच होतं. "चार दिवसांनी आपोआप थांबेल," मी म्हटलं. आई म्हणाली, "सूर्याचं पण रिचार्ज संपतं वाटतं."

मनस्ताप खरा होतो तो एप्रिलमध्ये. खासगी चॅनलना फ्री डिशवरची जागा लिलावात घ्यावी लागते आणि नवं वर्ष 1 एप्रिलपासून धरतात. मार्च 2019 मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपली मालिकांची हिंदी चॅनल काढून घेतली, 2020 मध्ये परत आणली, एप्रिल 2022 मध्ये पुन्हा नेली. त्यामुळे काल होतं ते चॅनल आज असेलच असं नाही. यंदा आईचं एक सिनेमाचं चॅनल गेलं. मी फोनवर समजावायला बसलो: मेनू दाब, इन्स्टॉलेशनवर जा, मग स्कॅन. ती मध्येच म्हणाली, "ते मी सकाळीच केलं. चौदा नवीन आलीत. सह्याद्रीचा नंबर बदललाय, तेवढा दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवलाय. तू फोन ठेव, बातम्या लागतील आता."